नांगरावरचे फोटो

सर्वेशने ते सहा फोटो पुन्हा एकदा निवडले आणि फोल्डरच्या बाहेर टाकले. शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या बाळादादा मयेकरांनी चहाचा कप तोंडापासून लांब धरला.

"हे का काढतोस रे?"

"नको वाटतात."

"नको काय? शेवट तोच आहे. लोक वीस मिनिटं तुझ्याबरोबर त्या बोटीवर राहणार. त्यांना खाली उतरवशील की नाही?"

बाळादादांनी कप खिडकीत ठेवला, माऊस स्वतःकडे ओढला आणि सहाही फोटो एकेक करून परत आत नेले. अगदी शेवटी, एकाखाली एक.

बाळादादा बत्तीस वर्षं बोटीवर होते, त्यातली शेवटची बारा सारंग म्हणून. डेकवरच्या माणसांना कामाला लावायची सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती. आता ते रत्नागिरीतल्या खलाशी मंडळाचे अध्यक्ष होते आणि येत्या रविवारचा कार्यक्रम त्यांच्याच डोक्यातून निघाला होता. मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावायचा, सर्वेशच्या मोबाइलमधले फोटो एकामागून एक दाखवायचे आणि सर्वेशने बाजूला उभं राहून सांगायचं. जिल्ह्याच्या कचेरीतले एक साहेब येणार होते, दोन पत्रकार येणार होते. सर्वेशच्या बोटीवर अजून दहा माणसं अडकलेली होती. अर्ज देऊन देऊन मंडळ दमलं होतं. कागद वाचून कोणी हलत नाही, डोळ्यांनी बघितलं तर कदाचित हलेल, असं बाळादादांचं म्हणणं होतं.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच सर्वेशला नाही म्हणता आलं नव्हतं.

बोट आखातातल्या एका बंदरापासून सात मैलांवर नांगरलेली होती. जुनी, तेलाची. मालकाने एक दिवस फोन उचलणं बंद केलं, आणि त्यानंतर त्या बोटीचं कोणीच राहिलं नाही. पण बोट बेवारस सोडायची नाही असा तिथला कायदा, त्यामुळे माणसांनाही उतरता येईना. अकरा माणसं अकरा महिने समोरच्या शहराचे दिवे बघत राहिली. मग बंदराचा डॉक्टर आला आणि आजारपणाच्या कारणावरून एका माणसाला, फक्त एकाला, घरी जायची परवानगी मिळाली. तो एक माणूस सर्वेश शिवलकर. रत्नागिरीजवळ मिऱ्यावरच्या आपल्या घरी येऊन त्याला तीन आठवडे झाले होते.

बाळादादा गेल्यावर दर्शना, त्याची बायको, अंगणवाडीतून आली. हातपाय धुऊन ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"झालं का लावून?"

"एकसष्ट झाले. प्रत्येकाला वीस सेकंद."

"वीस खूप होतात हो." ती मनातल्या मनात मोजत राहिली. पडद्यावर गंजलेला पाइप होता, त्याखाली लावलेली बादली होती. "बघा, अजून तेच आहे. कमी करा ना. नाहीतर तुम्हीच हाताने पुढे पुढे करा."

"बाळादादा नको म्हणाले. म्हणे हातात दिलं तर तू एका ठिकाणी अडकून बसशील."

तो आल्यापासून दर्शना त्याला बघत होती. समुद्र घरापासून दोन मिनिटांवर होता, पण तो तिकडे एकदाही गेला नव्हता. आंघोळीला बादलीभर पाणी काढून दिलं तर अर्धी बादली तशीच ठेवून यायचा. पहाटे ती उठायची तेव्हा तो ओटीवर भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा. 'कधी उठलात?' विचारलं तर 'आत्ताच' म्हणायचा. गावातली माणसं भेटायला यायची. 'सुटलास बाबा एकदाचा' म्हणायची. तो मान डोलवायचा आणि माणसं जाईपर्यंत त्याच जागी, त्याच बैठकीत बसून राहायचा.

"हे गौरवदादा ना?" तिने बोट दाखवलं.

शेवटच्या सहामधला पहिला फोटो. तो त्याने बंदराकडे नेणाऱ्या लाँचमधून काढला होता. वर बोटीचा लाल काळा कडा, दोरीची शिडी, आणि शिडीच्या माथ्याशी कठड्याला धरून उभा असलेला गौरव आरेकर. रत्नागिरीजवळच्याच काळबादेवी गावचा. वयाने सर्वेशपेक्षा अकरा वर्षांनी मोठा, इंजिनात फिटर. एक हात वर केलेला.

"हसतायत," दर्शना म्हणाली. "बरं वाटेल नम्रतावहिनींना. येणार आहेत त्या, सासूला घेऊन."

सर्वेशने लॅपटॉप मिटला.

त्या फोटोत गौरव सरळ उभा होता. तेच सर्वेशला बघवत नव्हतं. गौरवला साखरेचा त्रास होता. पायाला लागलं होतं ते दोन महिने भरत नव्हतं आणि घोटा सुजून बुटात मावत नव्हता. कॅप्टनने डॉक्टरसाठी नावं लिहून काढली तेव्हा पहिलं नाव गौरवचं होतं, दुसरं सर्वेशचं. आदल्या संध्याकाळी सर्वेश त्याच्या केबिनमध्ये गेला. काय काय बोलला ते त्याला नीट आठवत नव्हतं. आपण जमिनीवर बसलो होतो, गौरवच्या पलंगाची लोखंडी कड घट्ट धरली होती आणि लहान मुलासारखे रडत होतो, एवढं आठवत होतं. मला जाऊ दे, एवढंच म्हणत होतो. गौरव बराच वेळ ऐकत बसला आणि मग म्हणाला, "जा बाबा. जा. रडू नको."

सकाळी डॉक्टर आला. गौरवने बूट घातले होते. डॉक्टरने पायाचं विचारलं तर तो हसला, आणि डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून दाखवलं. न लंगडता. सर्वेश दाराआडून बघत होता. दुसऱ्या नावासमोर डॉक्टरने सही केली.

घरी आल्यावर त्याने गौरवला एकच निरोप टाकला होता, 'पोचलो'. त्यानंतर गौरवचे फोन आले की तो मोबाइल उशीखाली सारायचा. गौरवच्या बायकोकडे, नम्रताकडे, जायला हवं होतं. काळबादेवी काही लांब नाही. रोज सकाळी तो जायचं ठरवायचा.

रविवारी पाच वाजता हॉल भरला. खिडक्यांवर काळं कापड लावलं होतं, त्यामुळे चिऱ्याच्या भिंती घामेजल्यासारख्या वाटत होत्या. पुढच्या रांगेत कचेरीतले साहेब आणि पत्रकार. बायका डाव्या बाजूला. त्यात तिसऱ्या रांगेत नम्रता आणि तिची सासू, गोदूबाई. म्हातारी पडद्याकडे बघत होती. पडद्यावर अजून काहीच नव्हतं, नुसता उजेड.

बाळादादांनी चार शब्द सांगितले आणि दिवे घालवले.

पहिले काही फोटो बरे गेले. बोट, केबिन, इंजिनातली शिडी. सर्वेश पाठ केल्यासारखं बोलत होता. गॅस संपल्यावर डेकवर पिंपाची चूल केली ती. पिठातले किडे वेचायला बसलेले दोघं. तारेचा गळ करून गौरवने धरलेला मासा. "तो मासा मारण्यात पटाईत," सर्वेश म्हणाला, आणि काळबादेवीच्या माणसांत खसखस पिकली. मग गणपती आला. कणकेचा, हळदीने रंगवलेला, सोंड थोडी वाकडी. बायकांनी हात जोडले. वीस सेकंद पुरले नाहीत असं पहिल्यांदाच झालं.

मग समुद्र आला. डेकवरून दिसणारा, कठड्याच्या पलीकडचा, सपाट. वीस सेकंदांनी पुन्हा समुद्र. पुन्हा. लोक चुळबुळले. चौथ्या वेळी मागून कोणीतरी म्हणालं, "बाळादादा, अडकला वाटतं तो. पुढे जात नाय."

बाळादादा लॅपटॉपकडे निघाले.

"अडकला नाही," सर्वेश म्हणाला. "हे वेगळे दिवस आहेत. हा मार्चमधला. आधीचा जानेवारीतला होता." पडदा बदलला. तोच कठडा, तेच पाणी. "हा ऑगस्टमधला."

साहेबांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. सर्वेशला एकाएकी वाटलं की दार बाहेरून लावलंय. तसं काही नव्हतं. दाराच्या फटीतून उन्हाची रेघ आत आलेली दिसत होती. त्याने तिच्यावर नजर ठेवली आणि पुढचा फोटो यायची वाट बघितली.

पुढचा फोटो बोटीतल्या अरुंद वाटेचा होता. दोन्हीकडे केबिनची दारं आणि मध्ये जमिनीवर पुठ्ठा टाकून झोपलेला गौरव, तोंड उघडं, पाय भिंतीला लावलेला. लोकांना हसायला निमित्तच हवं होतं.

"आत फार उकडायचं," सर्वेशने सांगितलं. "जनरेटर दोनच तास. म्हणून हा रोज माझ्या दारासमोर येऊन पडायचा. रात्री मला बाहेर जायचं तर याला ओलांडून जावं लागायचं. लगेच जागा व्हायचा, कुठे रे म्हणून विचारायचा."

लोक पुन्हा हसले. नम्रता हसली नाही. गोदूबाई पुढे वाकून बघत होती.

आणि मग ते सहा आले. लाँच सुटली. शिडीच्या माथ्याशी गौरव, हात वर. वीस सेकंद. मग थोडा लहान गौरव. मग चेहरा नसलेला, नुसता शर्टाचा निळा ठिपका. सर्वेशला फोटो थांबवता येत नव्हते. चौथा. पाचवा. हॉलमधले सगळे त्याच्याबरोबर लाँचमध्ये बसून लांब लांब जात होते आणि तो एकटाच मागे वळून बघत होता. सहाव्या फोटोत पाण्यावर एक जाड रेघ उरली होती. तीच बोट, हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

दिवे लागले. टाळ्या वाजवाव्या की नाही ते कोणाला कळेना, मग थोड्या वाजल्या. साहेबांनी उठून दिल्लीला पाठवायच्या कागदाबद्दल काही सांगितलं. बाळादादांनी सर्वेशच्या पाठीवर थाप मारली.

एका पत्रकाराने वही उघडली. "तुम्हाला आजारपणामुळे सोडलं ना? काय झालं होतं नेमकं?"

प्रश्न साधा होता. सर्वेशने तोंड उघडलं. डॉक्टरच्या कागदावर इंग्रजीत दोन शब्द होते, ते सांगितले असते तरी चाललं असतं. पण समोर गोदूबाई बसली होती. आज खोटं बोलायचं नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं, तरी त्याला बोलता येईना. पत्रकाराने पेन हवेत धरलं.

"झोप लागत नव्हती त्यांना," बायकांच्या बाजूने आवाज आला. नम्रता उभी राहिली नव्हती, बसूनच बोलली. "आमच्या ह्यांनी सांगितलंय मला. फार दिवस झोपले नव्हते."

पत्रकाराने लिहून घेतलं.

बाहेर अंगणात चहा होता. दर्शना गोदूबाईला धरून बाकाकडे घेऊन गेली. सर्वेश मागच्या बाजूला, कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी जाऊन उभा राहिला. नम्रता दोन कप घेऊन आली आणि एक त्याच्या हातात दिला.

"वहिनी," तो म्हणाला, "ते जे तुम्ही आत बोललात ना, तसं नव्हतं. मला काही झालं नव्हतं. मी रडलो त्याच्यापुढे. त्याची पाळी होती."

"माहीत आहे."

"पाय दाखवलाच नाही त्याने."

"तेही माहीत आहे. डेकवर चालून दाखवलं म्हणे. त्याच दिवशी सांगितलं मला." तिने कपात फुंकर घातली. "मला राग आला होता, भावोजी. खोटं कशाला बोलू. चार दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. सुजलेला पाय घेऊन हा माणूस तिकडे बसलाय आणि तुम्ही इकडे. अजूनही येतो राग. परवा बाजारात दर्शना दिसली, तर मी रस्ता बदलला."

सर्वेशने मान खाली घातली. हेच ऐकायला आपण तीन आठवडे थांबलो होतो, असं त्याला वाटलं. ऐकून काही हलकं झालं नाही.

"पण तुम्ही तो फोटो दाखवलात ना," नम्रता म्हणाली, "जमिनीवर झोपलेला. उकाड्याने नव्हते झोपत ते तिथे."

तो तिच्याकडे बघायला लागला.

"तुम्ही पहाटे बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहायचात. एकदा त्यांनी बघितलं. एक पाय कठड्याच्या पलीकडे होता म्हणे. ते हळूच आले, तुमच्याशी इकडचं तिकडचं बोलले आणि आत घेऊन आले. आठवतं तुम्हाला?"

त्याला पहाट आठवत होती. गौरवने विडी मागितलेली आठवत होती. सर्वेश विडी ओढत नव्हता, हे गौरवला ठाऊक असूनही. पायाचं आठवत नव्हतं. तो नुसता बघत होता, खाली पाणी किती काळं आहे ते. एवढंच होतं ते.

"मी नुसता बघत होतो," तो म्हणाला.

"असेल. पण त्यानंतर ते रोज तुमच्या दारात झोपायला लागले. झोपतात कसले, डोळा लागला की दचकून उठायचे. कॅप्टनला सांगितलं तर तुम्हाला खोलीत कोंडून ठेवतील अशी भीती, म्हणून कोणालाच सांगितलं नाही. मग डॉक्टर येऊन गेल्यावर आठवड्याने तुम्ही गेलात. दोन दिवस ह्यांचा फोन नाही. माझा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी फोन आला तर म्हणतात, झोपलो होतो गं. किती दिवसांनी झोपलो." तिने आपला कप गडग्यावर ठेवला. "तुमचं रडणं ऐकून नव्हतं पाठवलं त्यांनी तुम्हाला. तुम्ही रडलात म्हणून उलट त्यांना बरं वाटलं होतं, असं म्हणाले. इतके दिवस तुम्ही काहीच बोलत नव्हतात."

गडग्यापलीकडे कोणाची तरी रिक्षा सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. सर्वेशच्या हातातला चहा निवला होता. त्याने तो तसाच धरून ठेवला. गेले तीन आठवडे त्याला स्वतःबद्दल एक गोष्ट पक्की माहीत होती, की आपण धडधाकट होतो आणि दुसऱ्याची जागा घेऊन आलो. ती वाईट होती, पण तिच्यावर पाय ठेवून उभं राहता येत होतं. आता पायाखाली तीही नव्हती.

नम्रताचा फोन वाजला. तिने घड्याळाकडे बघितलं.

"जनरेटर लागला वाटतं. तेव्हाच फोन करता येतो त्यांना." तिने फोन कानाला लावला नाही, त्याच्यापुढे धरला. "घ्या. रोज विचारतात, सर्वेश का बोलत नाही म्हणून. मी दमले उत्तरं देऊन."

त्याने कप गडग्यावर ठेवला आणि फोन घेतला. पडद्यावर गौरव होता, मागे संध्याकाळचं आभाळ. दाढी वाढली होती. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थिजलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ एका बाजूला गेलेले. मग आवाज आला, चित्र न हलता.

"कोण, सर्वेश? सापडलास. झाला काय सिनेमा?"

"झाला."

"माझा एखादा तरी बरा फोटो लावलास ना रे?"

"लावला." सर्वेशने त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. "पाय कसा आहे?"

"आहे. तू झोपतोस ना?"

नम्रता पाठ करून उभी होती. अंगणात दर्शना गोदूबाईच्या हातातला रिकामा कप घेत होती, घेता घेता तिने एकदा मान वळवून गडग्याकडे बघितलं. सर्वेशला 'हो' म्हणायचं होतं. गेले तीन आठवडे तो सगळ्यांना तेच सांगत आला होता.

"नाय रे," तो म्हणाला. "नाय लागत."

चित्र तसंच होतं. मग काहीतरी ओढल्याचा, पत्र्यावर डबा घासल्याचा आवाज झाला. गौरव बसायला जागा करत होता.

"बरं," तो म्हणाला. "मग बोलत बस. जनरेटर सातपर्यंत आहे."